बोलणारा कोण? : महाराष्ट्रातील निवडणूक प्रचार, राजकीय जाहिरात आणि उपहास

प्रस्तावना

निवडणुकीच्या दिवसांत गावोगावी वाटल्या जाणाऱ्या पत्रकाच्या तळाशी बारीक टाइपात एक ओळ छापलेली असते. मुद्रक कोण, प्रकाशक कोण आणि त्यांचा पत्ता काय, एवढीच माहिती त्या ओळीत असते. मतदार ती सहसा वाचत नाही. उमेदवाराचा फोटो, चिन्ह व घोषणा पाहून पत्रक बाजूला पडते. तथापि लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ ने ही ओळ सक्तीची केली आहे. प्रकाशकाला आपल्या ओळखीचे घोषणापत्र द्यावे लागते आणि त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन व्यक्तींनी ते साक्षांकित करावे लागते. मुद्रकाने या घोषणापत्राची व छापील पत्रकाची प्रत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाची असते. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

या तरतुदीमागील विचार साधा आहे. पत्रकात काय लिहिले आहे, ते गोड आहे की झोंबणारे, याची चौकशी हे कलम करीत नाही. बोलणारा कोण, एवढेच ते विचारते. मतदाराला वक्त्याचा हेतू कळावयाचा असेल, तर प्रथम वक्ता कळला पाहिजे, हे त्यातील गृहीत होय. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील निवडणूक प्रचार, पैसे देऊन केलेली जाहिरात आणि राजकीय उपहास यांचा विचार याच एका प्रश्नाच्या आधारे केला आहे. असे पाहिले असता एक विसंगती ठळकपणे समोर येते. उपहास करणारा बहुधा आपल्या नावानिशी बोलतो आणि कायद्याचा व जमावाचा रोष त्याच्यावर लवकर ओढवतो. स्वतःचे नाव झाकून बोलणारी जाहिरात मात्र त्याच कायद्याच्या हातातून सहज निसटते.

गडहिंग्लज परिसराला हा विषय परका नाही. हिरण्यकेशीच्या काठचा हा तालुका १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थानात होता. शेजारचा चंदगड तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. सीमाप्रश्न, सहकार आणि शेतकरी चळवळ या तिन्ही अंगांनी येथे प्रचाराचा आवाज कायम चढा राहिला. कोल्हापूरचा 'पुढारी' आणि बेळगावचा 'तरुण भारत' ही दोन्ही वृत्तपत्रे येथे वाचली जातात. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत गडहिंग्लज हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ राहिला नाही. तालुक्याचा भाग चंदगड व कागल या मतदारसंघांत विभागला गेला. तरीही विधानसभेइतकीच चुरस येथे साखर कारखान्याच्या संचालक मंडळासाठी होते. सहकारी संस्थांच्या निवडणुकांना लोकप्रतिनिधित्व कायदा लागू नाही, ही गोष्ट प्रचाराचा अभ्यास करताना अनेकदा दुर्लक्षिली जाते. मतदानाच्या आदल्या रात्री दारात पडणारे निनावी पत्रक हा ग्रामीण महाराष्ट्राच्या सर्व निवडणुकांना परिचित असलेला प्रकार आहे. 'एक जागरूक सभासद' किंवा 'आपले हितचिंतक' अशी सही असलेल्या या पत्रकात बहुधा विनोदी टोपणनावे, एखादे विडंबनकाव्य आणि त्यांच्या आडून एखादा गंभीर आरोप असतो. वरवर ते उपहासाच्या जातीचे दिसते. पण त्याचा लेखक कोणी नसतो, आणि उत्तर देण्यास वेळही उरलेला नसतो.

नावानिशी केलेला उपहास

मराठीतील राजकीय उपहासाची परंपरा निवडणुकांपेक्षा जुनी आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच बाज उचलला आणि त्यात भटजी-शेठजींची थट्टा भरली. राजर्षी शाहूंच्या काळात, १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाजाची स्थापना झाल्यावर या प्रचाराला दक्षिण महाराष्ट्रात बळ मिळाले. पुढे भीमराव कर्डक आदींच्या आंबेडकरी जलशांनी हाच साचा नव्या आशयासाठी वापरला. दुसरीकडे कृ. प्र. खाडिलकरांचे 'कीचकवध' नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकाच्या ठिकाणी लॉर्ड कर्झन आणि द्रौपदीच्या ठिकाणी भारत, हा अर्थ प्रेक्षकांना समजावून सांगावा लागला नाही. सरकारलाही तो कळला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. नाटकात एकाही इंग्रज अधिकाऱ्याचे नाव नव्हते. लेखकाचे नाव मात्र होते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरी, वृत्तपत्र आणि व्यासपीठ ही तिन्ही माध्यमे एकत्र आली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे व द. ना. गवाणकर यांनी गिरणगावात घडविलेली कलापथकाची शैली खेड्यापाड्यांत पोहोचली. आचार्य अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मराठा' हे दैनिक सुरू केले. अत्र्यांचा उपहास सभ्यतेच्या मोजपट्टीत बसणारा नव्हता. प्रतिस्पर्ध्याच्या नावाची मोडतोड, अतिशयोक्ती आणि व्यक्तिगत टवाळी ही त्यांची हत्यारे होती, आणि त्यांतील काही वार आज वाचताना निखालस अन्यायकारक वाटतात. परंतु वाचकाला फसविले जात नव्हते. हा अंक अत्र्यांचा आहे, अत्रे समितीचे आहेत आणि समितीला अमुक हवे आहे, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक होते. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीला जे मोठे यश मिळाले, त्यात या उघड पक्षपाती प्रचाराचा वाटा होता.

'मार्मिक'चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार म्हणून काम केलेले बाळ ठाकरे आणि त्यांचे बंधू श्रीकांत ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी हे साप्ताहिक काढले. त्याचे प्रकाशन तत्कालीन मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते झाले. सत्ताधाऱ्यांची थट्टा करणाऱ्या नियतकालिकाचे प्रकाशन सत्ताधाऱ्यानेच करावे, ही त्या काळच्या राजकीय संस्कृतीची एक खूण मानता येईल. पहिली काही वर्षे 'मार्मिक'ची कुंचली मंत्री, पुढारी आणि आंतरराष्ट्रीय नेते यांच्यावर चालली. त्यानंतर 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली मुंबईतील कार्यालयांमधील अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. यथावकाश 'थंड बसा'च्या जागी 'उठा' आले आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेनेची स्थापना झाली.

व्यंगचित्राच्या साप्ताहिकातून राजकीय पक्ष उभा राहिल्याचे असे उदाहरण अन्यत्र क्वचितच सापडेल. अभ्यासकांनी त्याची नोंद बहुधा शिवसेनेच्या इतिहासाचा आरंभ म्हणून केली आहे. उपहासाच्या इतिहासातही ते एक वळण आहे, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. व्यंगचित्रात मंत्र्याचे नाक लांब काढले, तर मंत्र्याकडे उत्तर देण्याची सर्व साधने असतात. यादीत नाव आलेल्या कारकुनाकडे वा अधिकाऱ्याकडे ती नसतात. चित्राच्या जागी यादी आली त्या क्षणी उपहासाचे रूपांतर प्रचारात झाले. मात्र येथेही बोलणारा लपलेला नव्हता. संपादकाचे नाव अंकावर होते. त्यामुळे 'मार्मिक'चे समर्थन आणि टीका दोन्ही उघडपणे होऊ शकले. १९८८ मध्ये सुरू झालेल्या 'सामना'लाही हेच लागू पडते. ते पक्षाचे मुखपत्र असल्याचे स्वतःच सांगते आणि वाचक त्या हिशेबाने वाचतो.

आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ या अवधीत, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली आणि हा उघड आवाज बंद झाला. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत पु. ल. देशपांडे जनता पक्षाच्या प्रचारासाठी व्यासपीठावर आले. एरवी राजकारणापासून दूर असलेल्या या विनोदकाराने आपली सारी लोकप्रियता नावासकट एका बाजूला ठेवली. निवडणूक संपल्यावर त्यांनी कोणतेही पद घेतले नाही.

भिंत आणि फ्लेक्स

जाहिरातीचा इतिहास याहून शांत आहे. दीर्घकाळ तो भिंतींचा इतिहास होता. निवडणूक जाहीर होण्याआधीच कार्यकर्ते मोक्याच्या भिंतींवर पक्षाचे नाव टाकून त्या 'राखून' ठेवीत आणि चुन्यावर निळीने वा गेरूने चिन्ह काढले जाई. ज्या जिल्ह्यात चित्रपटांचे बॅनर रंगविणाऱ्या पेंटरांची मोठी परंपरा होती, तेथे या अक्षरांनाही एक घाट होता. टी. एन. शेषन यांच्या मुख्य निवडणूक आयुक्तपदाच्या काळात (१९९० ते १९९६) आचारसंहितेला धार आली. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणास प्रतिबंध करणारा कायदा १९९५ चा आहे. भिंती रिकाम्या झाल्या आणि काही वर्षांतच डिजिटल फ्लेक्सने चौक व्यापले.

फ्लेक्सवर बोलणाऱ्याची टंचाई नसते. नेत्याच्या भव्य छायाचित्राखाली 'शुभेच्छुक' म्हणून दहा-पंधरा चेहरे ओळीने उभे असतात, आणि जाहिरात नेमकी कोणाची, हा प्रश्न पडावा इतकी नावे असतात. वस्तुतः ती नेत्याची नसून शुभेच्छुकांचीच असते. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनने केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेकायदा फलकांविषयी सविस्तर आदेश दिले. फलकावर चेहरे व नावे असूनही ते कोणी लावले हे प्रशासनाला सापडत नाही, ही तक्रार त्यानंतरही ऐकू येत राहिली.

२००९ : बातमीच्या वेषातील जाहिरात

लपलेल्या वक्त्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो २००९ च्या विधानसभा निवडणुकीत. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतरची ही महाराष्ट्रातील पहिली विधानसभा निवडणूक होती. प्रचाराच्या काळात उमेदवारांना वृत्तपत्रांतून 'पॅकेज' देऊ केली जात असल्याची चर्चा राज्यभर होती. पॅकेज म्हणजे ठरावीक रकमेच्या बदल्यात ठरावीक संख्येच्या बातम्या, मुलाखती, पदयात्रांची वर्णने आणि छायाचित्रे. हा मजकूर बातमीच्याच टाइपात, बातमीच्याच पानावर येई. त्यावर 'जाहिरात' असा शब्द नसे. एकाच अंकात, कधी एकाच पानावर, परस्परविरोधी दोन उमेदवारांची 'विजयाकडे घोडदौड' छापून येत असे. पैसे न देणाऱ्या उमेदवाराविषयी चांगले वा वाईट काहीही छापले जात नसे. या मौनाचा परिणाम छापील मजकुराहून अधिक होता.

ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लेख लिहून हा प्रकार उघडकीस आणला. त्यांच्या लेखनात भोकर मतदारसंघातून निवडून आलेले तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांचे उदाहरण केंद्रस्थानी होते. राज्यातील परस्परांच्या स्पर्धक वृत्तपत्रांत चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. चव्हाण यांनी निवडणूक खर्चाच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींसाठी ५,३७९ रुपये आणि केबल वाहिन्यांवरील जाहिरातींसाठी ६,००० रुपये दाखविले होते. विधानसभेच्या उमेदवारासाठी खर्चाची मर्यादा तेव्हा १० लाख रुपये होती. आपण या मजकुरासाठी पैसे दिले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती.

येथे कायद्याची खरी अडचण दिसते. पैसे दिल्याचा पुरावा दोघांकडेच असतो, देणारा आणि घेणारा, आणि दोघांनाही तो समोर आणण्यात रस नसतो. भारतीय प्रेस परिषदेने परंजॉय गुहा ठाकुरता व के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिने २०१० मध्ये वृत्तपत्रांच्या नावांसह सविस्तर अहवाल दिला; परिषदेने मात्र प्रारंभी त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले. ज्या व्यवसायाचा धर्म नाव छापणे हा आहे, त्याच्या नियामक संस्थेला नावे छापताना संकोच वाटावा, हे उद्बोधक आहे. उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांना पेड न्यूजचा खर्च न दाखविल्याबद्दल ऑक्टोबर २०११ मध्ये आयोगाने अपात्र ठरविले. चव्हाण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. खर्चाचा हिशेब खरा आहे की नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाला आहे, असे त्यात म्हटले होते. जुलै २०१४ मध्ये आयोगाने चव्हाण यांच्या विरोधात निष्कर्ष नोंदवून नोटीस काढली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाची कारवाई रद्द ठरविली. २००९ च्या निवडणुकीतील विधानसभेची मुदत तोवर संपत आली होती.

आता प्रत्येक जिल्ह्यात माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समिती असते. तिचे मूळ सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ मधील आदेशात आहे. त्या आदेशाने दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना वाट मोकळी केली, पण प्रक्षेपणापूर्वी प्रमाणपत्र घेण्याची अट घातली. पेड न्यूजवर लक्ष ठेवण्याचे काम समित्यांकडे नंतर आले. समिती जाहिरातीच्या अर्जात खर्च व अर्जदार विचारते, परंतु तिच्या कामाचा चर्चेत येणारा भाग शब्दांचा असतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या प्रचारगीतातील 'हिंदू' व 'जय भवानी' हे शब्द वगळण्याची सूचना आयोगाने केली, तेव्हा मोठा वाद झाला. ते गीत कोणाचे, याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती.

अमेरिकेतील वेगळी वाट

अमेरिकेत नेमकी उलट रचना आढळते. १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांच्या प्रचारात छोट्या दूरचित्रवाणी जाहिरातींचा पद्धतशीर वापर झाला, तेव्हापासून तेथील प्रचाराचा मुख्य खर्च या जाहिरातींवर होतो. त्यांची पूर्वतपासणी होत नाही. उमेदवाराने दिलेल्या जाहिरातीतील मजकुरात प्रक्षेपण केंद्राला काटछाट करता येत नाही, अशी १९३४ च्या संपर्क कायद्यातच तरतूद आहे. ७ सप्टेंबर १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांच्या बाजूने दाखविलेली डेझी फुलाची जाहिरात आजही अभ्यासली जाते. फुलाच्या पाकळ्या मोजणारी लहान मुलगी, त्यानंतर उलटी गणती आणि अणुस्फोट, असे तिचे स्वरूप होते. प्रतिस्पर्धी गोल्डवॉटर यांचे नाव तीत एकदाही आले नाही. पैसे देऊन ती एकदाच दाखविली गेली, पण तिच्यावरील वादामुळे बातम्यांतून ती पुन्हा पुन्हा दिसली.

शब्द मोकळे ठेवले, तरी नाव सांगण्याची सक्ती तेथे वाढत गेली. २००२ च्या प्रचारवित्त सुधारणा कायद्याने उमेदवाराला स्वतःच्या आवाजात 'या संदेशास माझी संमती आहे' अशा अर्थाचे वाक्य जाहिरातीत बोलणे भाग पाडले. पत्रकातील मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीचे हे दूरचित्रवाणीतील भावंड म्हणता येईल. उपहासालाही तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये भक्कम संरक्षण दिले. 'हसलर' मासिकाने मद्याच्या एका जाहिरातीचे विडंबन करून धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांची अत्यंत बीभत्स थट्टा केली होती. ती कोणीही खरी मानणार नाही, म्हणून मनस्तापाची भरपाई मागता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने एकमताने दिला. निकालपत्रात अमेरिकी राजकीय व्यंगचित्रांच्या इतिहासाची दखल घेतलेली आहे.

ही रचनाही अभेद्य राहिली नाही. 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात २०१० मध्ये न्यायालयाने कंपन्या व संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे अमर्याद खर्च करण्याची मुभा दिली. देणगीदार जाहीर न करणाऱ्या संस्थांमार्फत हा पैसा फिरू लागला. याचे सर्वांत स्पष्ट स्पष्टीकरण एका विनोदी कलाकाराने केले. स्टीफन कोल्बेअर यांनी २०११ मध्ये निवडणूक आयोगाची रीतसर अनुमती घेऊन स्वतःची 'सुपर पॅक' संघटना काढली. आपल्या वकिलाला कार्यक्रमात बसवून, देणगीदारांची नावे लपविणारी दुसरी संस्था प्रेक्षकांसमोर स्थापन करून दाखविली. स्वतः उमेदवार होण्याची घोषणा करताना तीच संघटना मित्र जॉन स्टुअर्ट यांच्या हाती सोपवून 'आता आमचा समन्वय नाही' असेही जाहीर केले. दहा लाख डॉलरहून अधिक देणग्या जमल्या. उपहासकाराने प्रत्येक कागद नावानिशी सही करून दाखविला आणि त्यातूनच नाव कसे गायब होते हे प्रेक्षकांना कळले.

घोषणा, व्हिडिओ आणि कोल्हापूरचे 'ठरलंय'

महाराष्ट्रात २०१४ पासून जाहिरात व उपहास यांतील अंतर कमी झाले. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत भारतीय जनता पक्षाने 'कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?' ही जाहिरात चालविली. आघाडी सरकारवर रोख असलेल्या या वाक्याची काही दिवसांतच लोकांनी इतकी विडंबने केली, की मूळ गांभीर्य हरवले. घरातील हरवलेल्या वस्तूपासून क्रिकेटच्या संघापर्यंत 'महाराष्ट्र' या शब्दाच्या जागी काहीही बसू लागले. पक्ष सत्तेवर आल्यानंतर विरोधकांनी तोच प्रश्न पक्षाला विचारला. जाहिरातीचे वाक्य एकदा लोकांच्या तोंडी गेले, की त्याची मालकी जाहिरातदाराकडे राहत नाही.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने एकही उमेदवार उभा केला नाही. तरीही राज ठाकरे यांच्या सभा त्या निवडणुकीत सर्वाधिक गाजल्या. 'लाव रे तो व्हिडिओ' असे म्हणून ते मोठ्या पडद्यावर सत्ताधाऱ्यांची जुनी भाषणे व जाहिराती दाखवीत आणि लगेच त्यांच्या विरुद्ध जाणारी दृश्ये समोर ठेवीत. अमरावती जिल्ह्यातील हरिसाल या 'डिजिटल गावा'ची जाहिरात दाखविल्यावर त्या जाहिरातीत झळकलेला तरुणच त्यांनी व्यासपीठावर आणला. इचलकरंजीतही त्यांची सभा झाली. भारतीय जनता पक्षाने आयोगाकडे प्रश्न केला, की उमेदवार नसलेल्या पक्षाच्या या सभांचा खर्च कोणाच्या हिशेबात धरावयाचा? प्रश्न राजकीय हेतूने विचारलेला असला, तरी कायदेशीरदृष्ट्या तो रास्त होता. कलम ७७ नुसार उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने केलेला अथवा अधिकृत केलेला खर्चच त्याच्या नावे लागतो. राजकीय पक्षांच्या खर्चाला भारतात मर्यादाच नाही. उमेदवाराच्या लेखी अधिकाराविना त्याच्यासाठी खर्च करणे हा भारतीय दंड संहितेच्या कलम १७१-ह नुसार गुन्हा होता, आणि त्याची शिक्षा पाचशे रुपयांपर्यंत दंड एवढीच होती. हा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. राज ठाकरे यांनी मत कोणाला द्यावे यापेक्षा कोणाला देऊ नये, हे सांगितले. तेव्हा लाभार्थी कोण, हे कायद्याला ठरविता येईना. वक्ता कोण, हे मात्र सभेतील शेवटच्या रांगेलाही माहीत होते.

त्याच निवडणुकीत कोल्हापूर लोकसभा मतदारसंघात, ज्यात गडहिंग्लज तालुका येतो, 'आमचं ठरलंय' ही दोन शब्दांची घोषणा गाजली. आघाडीचे अधिकृत उमेदवार राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक होते. काँग्रेसचे सतेज पाटील यांचा गट त्यांच्या विरोधात होता. पण आघाडीधर्मामुळे शिवसेनेचे संजय मंडलिक यांना मत द्या, असे उघड म्हणणे अडचणीचे होते. त्यातून ही घोषणा आली. तीत उमेदवार नाही, पक्ष नाही, चिन्ह नाही; काय ठरले, हेही नाही. फलकांवरून आणि मोबाइलवरून ती सर्वत्र फिरली. अन्य जिल्ह्यातील माणसाला तिचा अर्थबोधही झाला नसता, आणि कोल्हापुरात तो शाळकरी मुलालाही झाला. मंडलिक मोठ्या मताधिक्याने विजयी झाले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत 'दक्षिण उरलंय' असे तिचे दुसरे चरण निघाले.

या घोषणेला जाहिरात म्हणावे की उपहास? तीत दोन्हींचा अंश आहे. आघाडीधर्माची ती मिस्कील थट्टा होती आणि मतांसाठीचे परिणामकारक आवाहनही होते. कमी बोलून समोरच्याला गार करण्याची कोल्हापुरी भाषेची सवय तिच्या कामी आली. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती कोणाचीच नव्हती. येथे निनावी पत्रकाशी तिचा फरक लक्षात घ्यावा लागतो. पत्रकाचा लेखक गावालाही माहीत नसतो. 'आमचं ठरलंय' मधील 'आमचं' म्हणजे कोण, हे सर्वांना माहीत होते. फसवणूक झाली नाही. परंतु हे ज्ञान जिल्ह्याच्या सीमेत परस्परांना ओळखणाऱ्या माणसांमुळे शक्य झाले.

शिक्षा कोणाला?

सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या वेळी मुंबईत त्यांची व्यंगचित्रे लावली गेली होती. पुढे सरकारने राजद्रोहाचा आरोप मागे घेतला, आणि मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे कलम लावण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी याची दखल आपल्या निकालात घेतली. मार्च २०२५ मध्ये विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी तत्कालीन उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावर रोख असलेले विडंबनगीत सादर केले. गीतात शिंदे यांचे नाव नव्हते. २३ मार्च रोजी शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी खार येथील कार्यक्रमस्थळाची तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेने त्याच जागेतील बांधकामावर हातोडा चालविला. गुन्हा कामरा यांच्यावरही दाखल झाला. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, याचिका प्रलंबित असेतोवर, त्यांना अटकेपासून संरक्षण दिले. सरकारविषयीचा मजकूर खोटा ठरविण्याचा अधिकार शासकीय तथ्यतपासणी कक्षाला देणारी नियमदुरुस्ती याच कामरा यांच्या व इतरांच्या याचिकांवर उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली होती.

या दोन्ही प्रकरणांत पोलिसांना वा जमावाला शोध घ्यावा लागला नाही. चित्राखाली सही होती, कार्यक्रमाला पत्ता होता. जो जमाव खारला पोहोचला, त्याला मतदानाच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या संदेशाचा जन्म कोठे झाला, हे विचारण्यासाठी जावयाला जागाच नाही. निवडणूक आयोगाने समाजमाध्यमांवरील जाहिराती २०१३ मध्ये पूर्वप्रमाणनाखाली आणल्या. फेसबुकने २०१९ पासून भारतातील राजकीय जाहिरातींवर 'पैसे कोणी दिले' ही ओळ छापण्यास सुरुवात केली. तेथे अनेकदा एखाद्या पृष्ठाचे ठसकेबाज नाव असते आणि माणसाचे नसते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रचारसामग्रीवर तसे स्पष्ट लिहावे, अशी सूचना आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये राजकीय पक्षांना दिली. कोणी आपल्या खात्यावरून पाठविलेला किंवा पुढे ढकललेला मजकूर जाहिरातीच्या व्याख्येत येत नाही. 'फॉरवर्डेड' एवढी खूण त्यावर २०१८ पासून दिसते. गावच्या छापखान्यात हजार पत्रके छापून घेणाऱ्याला दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या आणाव्या लागतात. हजार मोबाइलवर तोच मजकूर पाठविणाऱ्याला एकही लागत नाही.